मुंबईच्या पाण्याचे डोंगर

पाऊस सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार, तुळशी. सात नावं आणि प्रत्येकापुढे पातळीचा आकडा. आकडे चढले की शहराला हायसं वाटतं, रखडले की पाणीकपातीची कुजबुज सुरू होते. ही नावं मुंबईकराला पाठ असतात. ज्या डोंगरांवरून ते पाणी खाली येतं, त्या डोंगरांवर पाऊल ठेवलेली माणसं मात्र फार थोडी. खरं तर यातले बरेच डोंगर लोकलच्या तिकिटात येतात. पहाटेची गाडी पकडायची, दिवसभर चालायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी.

एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, असं कोणी विचारलं की बहुतेक जण जुलैतल्या धबधब्यांची नावं सांगतात. मी पाण्याचा माग काढत जायला सांगतो. धबधबा दोन महिन्यांचा. पाणी डोंगरात मुरतं, कातळात साठतं, ओढ्यातून झिरपत राहतं आणि एप्रिलमध्ये आटतं, हा सगळा खेळ बघायचा तर वर्षभर जावं लागतं.

सुरुवात घराजवळून करावी. बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेला उतरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक लागतं. आतलं जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, आणि दोन्ही बाजूंनी शहर त्याला खेटून उभं आहे. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या मुंबईच्या चारही नद्यांचा उगम याच डोंगरांत आहे. खाली वस्तीत शिरल्यावर त्यांचे नाले होतात आणि लोक त्यांना नालाच म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी ही नदी आहे हे शहराला पुन्हा कळलं. उद्यानात वरच्या अंगाला दहिसर नदी पाहिली तर ही तीच नदी, यावर विश्वास बसत नाही. गोट्यांवरून खळाळणारं स्वच्छ पाणी, काठाला उंबर आणि करंज, आणि खडकावर शेपटी नाचवत बसलेला धोबी पक्षी.

विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच जंगलाच्या पोटात आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. आज मुंबईला लागणाऱ्या पाण्यात त्यांचा वाटा अगदी लहान आहे. पण बेटावरच्या विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली, तेव्हा शहराला जगवलं ते विहारनं. तलावांच्या काठी जायला सर्वसामान्यांना मनाई आहे, आणि ती असावीच. तलावाभोवतीचं जंगल इतकं दाट राहिलं त्याचं मोठं कारण हेच, की पिण्याचं पाणी राखायचं म्हणून ते दीडशे वर्षं राखलं गेलं.

पाण्याची खरी गंमत बघायची तर कान्हेरीला जावं. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. उद्यानाची वाहनं मिळतात, पण थंडीच्या दिवसांत पायीच जावं. रस्ता सावलीतला आहे, चढ अंगावर येत नाही. फेब्रुवारीत काटेसावर फुललेली असते आणि तिच्या लालभडक फुलांवर मैना, बुलबुल, कोतवाल यांची झुंबड उडालेली असते. पानं झडलेला कांडोळ याच दिवसांत ओळखू येतो. पांढुरका, गुळगुळीत बुंधा, संध्याकाळच्या उजेडात लख्ख चमकणारा.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं इथे राबता राहिला. बहुतेक लोक तीन क्रमांकाचा चैत्य आणि त्याच्या व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. मूर्ती देखण्या आहेतच. पण तिथून कातळातल्या पायऱ्यांनी वर जावं आणि कोणत्याही एका साध्या, नक्षी नसलेल्या लेण्यापुढे पाच मिनिटं बसावं. भिक्षूच्या राहण्याची एक खोली, पुढे ओटा, बसायला कातळातच कोरलेला बाक. अंगणाच्या एका कडेला जमिनीत चौकोनी तोंड, हात-दोन हात रुंदीचं. ते पाण्याचं टाकं. वरून तोंड लहान दिसतं, आत वाकून पाहिलं की टाकं कातळाखाली चांगलं ऐसपैस पसरलेलं कळतं. तोंड लहान म्हणून ऊन आत शिरत नाही, पाणी उडून जात नाही, थंड राहतं. आता मान वर करून लेण्याच्या माथ्याकडे पाहावं. दरडीवर बोट-दोन बोटं खोल अशी एक तिरपी पन्हळ खोदलेली दिसते. डोंगरावरून वाहून येणारं पावसाचं पाणी दारावर कोसळू नये, पन्हळीतून बाजूला वळावं आणि नेमकं टाक्यात पडावं, अशी ती सोय. एकाच छिन्नीनं घर कोरडं ठेवलं आणि वर्षाचं पाणी भरलं. असं जवळजवळ प्रत्येक लेण्याशी. ऐन मे महिन्यातही यातल्या काही टाक्यांत पाणी मी पाहिलेलं आहे.

ही टाकी खोदायला पैसा कुणी दिला तेही इथेच लिहून ठेवलेलं आहे. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या व्यापाऱ्यांची, गृहस्थांची आणि भिक्षुणींची नावं ब्राह्मी लेखांत येतात. पाच क्रमांकाच्या लेण्याजवळच्या टाक्यावरचा लेख तर इतिहासाच्या अभ्यासकांना फार मोलाचा वाटतो. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही महाक्षत्रप रुद्रदामनाची मुलगी होती, म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्या सातवाहन आणि क्षत्रप घराण्यांत सोयरीक झाली होती, हे त्या लेखावरून कळतं. सतेरक नावाच्या अमात्यानं दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा हा दानलेख. राजघराण्यातलं एवढं मोठं लग्न आपल्यापर्यंत पोचलं ते एका टाक्याच्या काठावरून.

ज्यांना लेण्यांपेक्षा रानात जास्त रस आहे त्यांनी शिलोंड्याची वाट धरावी. ही वाट ओढ्याच्या काठाकाठानं जाते. तिथे वनखात्याची परवानगी काढून, जाणकार माणसासोबतच जायचं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती सर्वांत सुंदर असते. तेरडा, सोनकी, मध्येच एखादी कळलावी. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली, तेव्हा उतारच्या उतार जांभळे झाले होते. न फुललेल्या वर्षीही कारवीकडे लक्ष द्यावं. उतारावरची माती धरून ठेवणारं झुडूप ते हेच, आणि आदिवासी पाड्यांतल्या कुडाच्या भिंतीही हिच्याच काठ्यांच्या. या जंगलात बिबटे आहेत, शहराला खेटलेल्या जंगलात असतील असं वाटणार नाही इतके. वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत आणि ती आजही पुजली जातात. माणसानं अंधार पडण्याआधी बाहेर पडावं, लहान मुलांना पुढे पळू देऊ नये, एवढं पाळलं की पुरे. उद्यान सोमवारी बंद असतं.

पावसाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मात्र मी बोरिवली सोडून कर्नाळ्याला जातो. पनवेलपर्यंत हार्बरची लोकल, पुढे गोव्याच्या रस्त्यानं जाणारी एसटी किंवा रिक्षा, आणि थेट अभयारण्याच्या दारात. वरच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका रस्त्यावरून जाताना सगळ्यांनीच पाहिलेला असतो. दीड-दोन तासांत सुळक्याच्या पायथ्याशी पोचता येतं, आणि तिथे पुन्हा पाणीच भेटतं: कातळात एका ओळीत खोदलेली टाकी आणि कोठारं. सुळक्याला आग्यामोहाची पोळी असतात, म्हणून तिथे आरडाओरडा, धूर, अत्तर यांतलं काहीही नको. मधमाश्या उठल्या तर पळायला जागा नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी शिरढोण गाव आहे, वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

कर्नाळ्याला जूनमध्ये जायचं ते तिबोटी खंड्यासाठी. हा रायगड जिल्ह्याचा पक्षी. आकारानं चिमणीएवढा, पिवळं पोट, केशरी-जांभळं डोकं, निळे पंख, लालचुटूक चोच. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बोगदा करून घरटं करतो. उन्हाळ्यात ती माती दगडासारखी कडक असते, चोचीनं उकरता येत नाही. पहिल्या पावसांनी ती भिजली, मऊ झाली की याची लगबग सुरू. पिल्लं बाहेर येईपर्यंत ओढ्यात खेकडे आणि बेडूक मुबलक झालेले असतात. पावसाशी इतकं घट्ट बांधलेलं जगणं फार थोड्या पाखरांचं असेल. मात्र घरटं दिसलं तर तिथे थांबू नये. फोटोसाठी माणसं घरट्यापुढे तासन्‌तास ठाण मांडतात, आणि तेवढा वेळ आई-बाप चोचीत चारा धरून समोरच्या फांदीवर ताटकळत बसतात. लांबून पाहावं, पुढे व्हावं. शीळकरी कस्तूर पुढच्या वळणावर गात असतोच, आणि त्याला ऐकायला थांबलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

कर्जतच्या गाडीनं नेरळला उतरून पेबचा किल्ला, म्हणजे विकटगड, चढता येतो आणि पलीकडे माथेरानच्या रेल्वे रुळांवर उतरता येतं. १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्या दोन फूट रुंदीच्या रुळांकडेनं कड्यावरच्या गणपतीवरून दस्तुरीपर्यंतची चाल फार सुखाची आहे. पेबच्या वाटेवर शिड्या आहेत, मध्ये एक-दोन ठिकाणी दृष्टिभय आहे. नवख्यानं भर पावसात हा किल्ला करू नये. पावसाळ्यात कर्जत-खालापूर भागातल्या धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीहुकूम निघतात, त्यांच्यावर लोक चिडतात. मला ते योग्य वाटतात. ओढ्याच्या वर दूर कुठे ढग फुटला तर खाली ऊन असतानाही पाणी काही मिनिटांत कमरेला येतं. माथेरानला धोधाणीच्या बाजूनंही चढता येतं. त्या वाटेवर पाय दुखायला लागले की एक दृश्य हमखास बळ देतं. पायथ्याच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकरी बायका डोक्यावर दुधाचे कॅन, भाजी, करवंदाच्या पाट्या घेऊन आपल्याला मागे टाकून वर जातात आणि दुपारी बाजार उरकून परत उतरतात. आपली सहल ती त्यांची रोजची वाट. वाटेतून बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ द्यावं, आणि करवंदं वर हॉटेलाच्या दारात घेण्यापेक्षा त्यांच्याकडूनच घ्यावीत.

पण मुंबईच्या पाण्याचा खरा डोंगर म्हणजे माहुली. कसारा लोकलनं आसनगावला उतरायचं. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळतात, त्या माहुली गावात सोडतात. पहाटेची गाडी पकडली तर आठच्या आत चढायला लागता येतं, आणि तसंच करावं, कारण चढाई सुमारे सातशे मीटरांची आहे आणि उन्हाचा चटका लवकर बसतो. इतर ठिकाणांना दोन लिटर पाणी पुरतं, इथे माणशी तीन लिटर घ्यावं. गावामागचा ओढा ओलांडला की वाट साग-ऐनाच्या रानात शिरते आणि सोंडेवरून सरळ वर चढत राहते. दम खायला मध्ये सपाटी फारशी नाही. ऑक्टोबरात गुडघाभर गवतातून चालताना फुरसं पायाखाली येऊ नये म्हणून काठी आपटत जावं, बूट घोट्यापर्यंतचे असावेत. शेवटी कड्याला लावलेली लोखंडी शिडी आणि ती चढली की माथा. चालत्या माणसाला तीन तास, गप्पा मारणाऱ्याला चार.

माहुली, पळसगड आणि भंडारगड अशी ही तीन दुर्गांची एकच लांबलचक रांग आहे, आणि तिच्या मधल्या खाचांतून नुसते सुळके उभे आहेत. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी याच गडावर कोंडलं आणि निजामशाही वाचवण्याचा त्यांचा अखेरचा प्रयत्न इथेच संपला. वर पडझड झालेला दरवाजा, त्यालगतच्या देवड्या आणि जवळच पाण्याचं टाकं आहे. देवड्यांत बसून भाकरी खावी. पण जेवण झाल्यावर आडवं होण्याआधी कड्याच्या कडेनं फिरून यावं.

उत्तरेला तानसा दिसतो. जंगलाच्या हिरव्या वळ्यांत अडकलेलं पाणी. माहुलीचं हे सगळं रान तानसा अभयारण्याचाच भाग आहे. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला जातं. त्याच्या पलीकडे वैतरणेवरचा मोडकसागर. पूर्वेला भातसा. शहराला दररोज चार हजार दशलक्ष लिटरांच्या जवळपास पाणी पुरवलं जातं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तानसा आणि वैतरणेचं पाणी उताराच्या बळावर जलवाहिन्यांतून शहराकडे येतं; भातसाचं पाणी नदीतून पिसे इथे उपसावं लागतं आणि पांजरापूरला शुद्ध होऊन पुढे जातं. भिवंडी, ठाणे, मुलुंड या बाजूंना रस्त्याकडेनं जाणारे माणूसभर उंचीचे काळे पाइप आपण जन्मभर पाहत आलेलो असतो. त्यांचं दुसरं टोक माहुलीच्या कड्यावरून दिसतं. पावसाळ्यातला ढग समुद्रावरून येतो, या डोंगरांना अडतो, इथल्या रानावर कोसळतो. रानाची माती ते पाणी धरते आणि हळूहळू ओढ्यांना सोडते. रान तोडलं तर पाऊस तेवढाच पडेल, पण पाणी गाळ घेऊन धावत येईल आणि धावत निघून जाईल. हे शाळेत शिकलेलं असतं. वर उभं राहिल्यावर ते उतार मोजता येतात, झाडं मोजता येतात.

एकदा मार्चअखेरीस याच परिसरातल्या एका वाडीतून परतत होतो. विहिरीवर हंडे ओळीनं लावलेले होते. पाणी इतकं खाली गेलं होतं की पोहरा तळाला खरवडून वर येत होता, अर्धा पाण्यानं आणि अर्धा गाळानं भरून. एक मावशी आपली पाळी येईपर्यंत कातळावर बसल्या होत्या. मुंबईहून आलो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं रोज येतंय ना पानी?" येतं म्हणालो. "बरं हाय," म्हणाल्या, आणि हंडा पुढे सरकवला. त्यात टोमणा नव्हता. शहापूर तालुक्याच्या अनेक गाव-पाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकरनं पाणी येतं. त्याच तालुक्यात तानसा आहे, भातसाही आहे. धरणाचं पाणी खालच्या अंगाला धावतं, पाडे वरच्या अंगाला. तिथपर्यंत ते चढवून न्यायला नळयोजना लागतात, आणि त्या कधी अर्धवट राहतात, कधी कागदावर. जे शहर हे पाणी पितं त्यानं या पाड्यांच्या पाण्याचा खर्च उचलावा, असं मला स्वच्छ वाटतं. त्याला फार मोठी रक्कम लागणार नाही, आणि लागली तरी ती मुंबईनं द्यावी. माहुलीला जाणाऱ्यानं निदान इतकं करावं: उन्हाळ्यात गेल्यास पाणी घरूनच भरून न्यावं, वाडीतल्या विहिरीवर बाटल्या भरायला उभं राहू नये. जेवण गावातल्या घरी सांगावं. आदल्या दिवशी निरोप दिला तर तांदळाची भाकरी, डाळ, एखादी रानभाजी असं जेवण मिळतं, आणि ते पैसे गावातच राहतात.

नळातून खाली गेलेलं पाणी पुढे कुठे जातं, हे पाहायचं तर चढ चढावा लागत नाही. ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठी वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट निघते. नोव्हेंबर ते मे या काळात खाडीच्या चिखलात रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. २०१५ मध्ये ही खाडी रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शहराचं सांडपाणी शेवटी या खाडीला मिळतं. त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढतं आणि लहान रोहित पक्षी मान उलटी करून, वाकडी चोच पाण्यात फिरवून तेच शेवाळ गाळून खातात. म्हणून खाडी घाण राहिली तरी चालेल, असं मात्र कोणी समजू नये. कारखान्यांची रसायनं आणि प्लॅस्टिक गाळून घेणारी चोच कोणत्याच पक्ष्याला नाही. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्या लवकर भरतात, तेव्हा आधी चौकशी करून जागा राखावी. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं, दुर्बीण असेल तर न्यावी. बोट तिवरांच्या मधून जाताना काठाच्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. मुलं सोबत असतील तर रोहित पक्ष्यांपेक्षा त्यांना याच मजेशीर माशाचं जास्त कौतुक वाटतं, आणि बोटीवरचा माणूस त्यांना तो नेमका कुठे बघायचा हे हौसेनं दाखवतो.